मारुतीच्या ओट्याचा कोपरा

ज्या ओट्यावर बसून मी अठरा वर्षं दर मंगळवारी मारुतीची भजनं म्हटली, त्याच ओट्याच्या कोपऱ्यावर माझ्या मुलीचं डोकं आपटलं. अनुभव सांगा, अनुभव सांगा, असा भजन मंडळातल्या लोकांचा माझ्यामागे आग्रह असतो, म्हणून सांगतो; पण सुरुवात मी इथूनच करणार. त्यांना वाटतं मी एकदम कृपेपासून सुरू करावं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, नारळ फुटतात आणि मंडळी प्रसाद घेऊन घरी जातात. मला ते जमत नाही. त्या दिवशी देवाचा जो राग आला होता तो मी आधी सांगणार, आणि स्वतःचा जो राग अजून गेलेला नाही तोही सांगणार. ज्याला ऐकवत नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

आम्ही विणकर. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे आमची गल्ली, आणि तेव्हा त्या गल्लीत घरटी एक तरी हातमाग होता. बांगलादेशच्या लढाईनंतरचा हिवाळा होता तो. आमचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ पाजावी लागते, तिला आम्ही पाजणी म्हणतो. एवढा लांब ताणा घरात मावत नाही. म्हणून उजाडता उजाडता तो गल्लीत बांबूच्या घोड्यांवर पसरायचा, दोन्ही टोकांना दोर बांधून खुंट्यांना आवळायचा, भाताच्या पेजेची खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत राहायचं. खळ वाळेपर्यंत कुंचा थांबता कामा नये. थांबला की धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा हातचा जातो. त्यामुळे आमच्यात रीतच होती, की एकाची पाजणी असली की सगळी गल्ली हात लावणार, आणि पाजणी चालू असताना कोणीही कुंचा खाली ठेवून जाणार नाही. घरी पाहुणा येवो की पोर रडो. या रीतीचा आम्हाला मोठा अभिमान होता. आज हे सांगताना मला त्याची लाज वाटते.

त्या रविवारी पाजणी माझी होती. माझी थोरली मुलगी बेबी तेव्हा चौथीत होती. चौकातल्या दुकानातून ती तासाच्या भाड्यानं सायकल आणायची. सायकल मोठ्या माणसाची, ही दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची. पोरीच्या जातीनं सायकल चालवावी की नाही यावरून गल्लीत कुजबुज व्हायची आणि मी मुद्दाम तिला जाऊ द्यायचो, कारण कुजबुज करणाऱ्यांची जिरलेली मला बघायची असायची. त्या सकाळी ती उतारावरून आमच्या गल्लीत शिरली. ब्रेक लागला नाही. ताण्याचा दोर मारुतीच्या ओट्याशेजारच्या खुंट्याला बांधलेला होता, त्यात पुढचं चाक अडकलं. सायकल जागच्या जागी थांबली आणि पोरगी पुढे उडून ओट्याच्या दगडी कोपऱ्यावर पडली. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. दोर सुटला आणि ओला ताणा घोड्यांवरून सरकून मातीत आला. मी धावलो. पण कुठे धावलो? ताण्याकडे. दोन्ही हातांनी मी मातीतलं सूत गोळा करत होतो, आणि पोरीकडे तिची आई धावली. एवढं सांगू नका हो, असं मंडळातले म्हणतात. का सांगू नको? हे मी केलं आहे. कृपेची गोष्ट सांगायची आणि आपलं तोंड तेवढं पुसून घ्यायचं, हा कुठला न्याय?

बेबी आपली आपण उठून बसली. कानाच्या वर टेंगूळ आलं होतं, थोडं खरचटलं होतं. तिच्या आईनं हळद दाबली, ओट्यावर बसवून चहात टोस्ट बुडवून खायला दिला. पोरीनं खाल्लाही. आत्माराम काका आमच्या गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे आणि भजन मंडळाचे प्रमुख. ते हात जोडून म्हणाले, "मारुतीनं झेललं गा पोरीले." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मनात आलं, झेललं? हे असं झेलतात? स्वतःच्याच दगडावर? पण मी ते बोललो नाही, कारण काकांचं वाक्य माझ्या सोयीचं होतं. देवानं झेललं म्हटलं की मला पाजणीकडे परत जाता येत होतं. आम्ही ताणा पुन्हा घोड्यांवर चढवला आणि कुंचे सुरू केले. माझ्या आयुष्यात श्रद्धा इतकी कामाला आलेली दुसरी वेळ नाही, आणि तिचा इतका वाईट उपयोगही मी दुसऱ्यांदा केलेला नाही.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस सायकलवरून आला. डोक्यावर कोळशाच्या खाणीत घालतात तसलं टणक हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला. त्याला पाहून गल्लीत हशा पिकला. डोमाजी त्याचं नाव. त्याचंही घराणं मूळचं विणकरांचंच, पण माग बंद पडल्यावर तो उमरेडकडच्या एका खाणीत लागला होता. एका नातेवाइकाचं घर शोधत होता आणि ते घर पलीकडच्या गल्लीत होतं. तो चुकून आमच्या गल्लीत शिरला होता. पत्ता विचारता विचारता त्याचं लक्ष बेबीकडे गेलं.

"काय झालं गा पोरीले?"

"पडली सायकलवरून. आता बरी आहे," मी कुंचा न थांबवता म्हणालो.

तो सायकल भिंतीला टेकवून बेबीसमोर उकिडवा बसला. तिला नाव विचारलं. तिनं बरोबर सांगितलं. मग तिनं आईला विचारलं, माझी चप्पल कुठे आहे? आईनं दाखवलं, ही बघ, पायातच आहे. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, आई, माझी चप्पल कुठे आहे? मग तिसऱ्यांदा. आईला वाटलं, पोरगी मस्करी करते आहे. डोमाजी मात्र उठून उभाच राहिला.

"भाऊ, हिले आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. डोक्याचा मार आहे. आमच्या खाणीत एक जण असाच पडला होता. उठला, चहा पेला, हसला, बोलला. मग झोपला तो उठलाच नाही."

माझं डोकं फिरलं. मारुतीसमोर, सकाळच्या पारी, माझ्या पोरीच्या तोंडावर हा माणूस मरणाची गोष्ट बोलतो! "काहून असं अभद्र बोलून राहिले तुम्ही?" मी ओरडलो. "तुम्हाला पाहिजे ते घर तिकडं आहे, तिकडं जा." काकांनीही त्याला हाताने वाट दाखवली. हा हलेना. उलट ओट्यावर बेबीच्या शेजारी जाऊन बसला. "मी नाही जात," तो म्हणाला. "मले माराचं असलं तर मारा."

एव्हाना बेबी म्हणायला लागली होती की झोप येते. आईनं घरात अंथरूण घातलं. मीच म्हणालो, झोपू दे, बरं वाटेल तिला. त्यावर तो माणूस असा ओरडला की शेजारच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. आणि मग बेबी भडाभडा ओकली. चहा, टोस्ट, सगळं. तिची आई म्हणाली, "अहो, पाहा ना पोरीकडं." मी पाहिलं. आणि पाहून मी काय म्हणालो ते आज माझ्याच कानांना खरं वाटत नाही. मी म्हणालो, "थांबा थोडं, एवढी पाजणी होऊ द्या. अर्धा तास." खळ अर्धी वाळली होती. कुंचा थांबला असता तर ताणा गेला असता. हे सगळं मी अगदी शहाण्या माणसासारखं बोललो आणि गल्लीत एकानंही मला वेड्यात काढलं नाही, कारण त्यांच्या हातातही कुंचेच होते.

डोमाजीनं माझ्या हातातला कुंचा ओढून घेतला आणि नालीत फेकला. मी त्याच्या डोक्यात मारलं. सगळा जीव एकवटून मारलं. माझी मूठ त्याच्या हेल्मेटवर आदळली, बोटांची सालं निघाली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. त्याची मान जराशी वाकडी झाली, बस. तो शांतपणे म्हणाला, "लागलं का हाताले? चला आता. उचला पोरगी."

मी उचलली. का उचलली ते मला आजही सांगता येत नाही. त्याच्या आवाजात एक गोष्ट होती, की याला माझ्या रागाचं काही पडलेलं नाही, याला फक्त पोरगी दिसते आहे. बेबीची आई आणि मी सायकलरिक्षात बसलो, डोमाजी शेजारून सायकल मारत होता आणि सारखा सांगत होता, "बोलत राहा तिच्याशी, बोलत राहा." तिची आई तिला पाढे विचारत होती. कॉटन मार्केटच्या गर्दीपर्यंत ती उत्तरं देत होती. मग शब्द लांबायला लागले, आणि पुढे ती गप्पच झाली. डोमाजी घंटी वाजवत, लोकांना शिव्या घालत पुढे वाट काढत होता. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं तिच्या पापण्या वर करून पाहिल्या. एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती. त्यानं स्वतःच तिला उचललं आणि तो आत पळाला. मागून एका सिस्टरनं सांगितलं की कवटीच्या आत रक्त साकळतं आहे, भोक पाडून काढावं लागेल, आणि अंगठा नको, सही येत असेल तर सही करा. मी सही केली. माझी बोटं सुजली होती, नाव धड लिहिता आलं नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी मारुतीशी भांडलो. भक्तीच्या गोष्टींत माणसं अशा वेळी नवस बोलतात. मी नवस बोललो नाही. मी त्याला म्हणालो, अठरा वर्षं तुझ्या दारात टाळ कुटले, ते काय तुझा दगड माझ्या पोरीच्या डोक्यात बसावा म्हणून? तुला शेंदूर लावला, तुझा ओटा आम्हीच बांधला, त्याला असा धारदार कोपराही आम्हीच ठेवला, आणि तू बघत बसलास? बराच वेळ मी असा आतल्या आत बोलत होतो. मग बोलणं संपलं आणि खाली उरलं ते एवढंच, की मी ताण्याकडे धावलो होतो. हे देवाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आमच्या दोघांत लपवायला काही उरलं नाही. तेव्हा मी म्हणालो, मी ताण्याकडे धावलो, तू तरी तिच्याकडे धाव. अठरा वर्षांत केलेली ती माझी पहिली खरी प्रार्थना असावी. तो कधीचाच धावत आला होता, रस्ता चुकून, हनुवटीखाली पट्टा बांधून, आणि मी त्याच्या डोक्यात मारलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला पुढे कितीतरी दिवस लागले. कोणी याला योगायोग म्हणालं तर मी भांडत नाही. मला दुसरा शब्द बरा वाटतो, एवढंच.

डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, वेळेत आणलंत. अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. अर्धा तास! त्यानं नेमका हाच शब्द वापरला.  दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल, तर सायकल परत केली का, तास होऊन गेला असेल. तिची आई रडता रडता हसायला लागली. डोमाजी तोवर निघून गेला होता, खाणीत त्याची पाळी होती. बेबीच्या आईनं त्याचा पत्ता तेवढा विचारून ठेवला होता. मला तेही सुचलं नव्हतं.

बेबी घरी आली आणि गल्लीनं मारुतीला नारळ फोडले. मारुतीनं झेललं, ही गोष्ट तोवर चार गल्ल्यांत पोचली होती. डोमाजीचं नाव त्यात नव्हतं, माझ्या अर्ध्या तासाचं तर नव्हतंच. मी तोंड उघडलं की लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. डॉक्टरनं बजावलं होतं की त्या जागी पुन्हा मार बसता कामा नये, सायकल चालवायची असेल तर डोकं झाकून चालवू दे. मी सीताबर्डीची दुकानं पालथी घातली. स्कूटरवाल्या पुरुषांसाठी हेल्मेट होती, तीही मोजकी. पोरीला पाहिजे, सायकलवर घालायला, असं म्हटलं की दुकानदार एकमेकांकडे बघून हसायचे. एकानं विचारलं, सर्कशीत आहे का? शेवटी तिच्या आईनं जुन्या गोधडीचे थर शिवून, आत वेताच्या पट्ट्या घालून जाडजूड टोपी केली. ती घालून पोरगी शाळेत गेली तर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं, म्हणे बाकीच्या मुलांचं लक्ष विचलित होतं. मुलीच्या डोक्याला भोक पडलं होतं, आणि यांना बाकीच्यांच्या लक्षाची काळजी! मी तिथे जे बोललो ते इथे सांगत नाही. टोपी मात्र राहिली.

सगळ्यांत जास्त लागलं ते आत्माराम काकांचं बोलणं. भर भजनात ते म्हणाले, "देवानं एवढं वाचवलं, तरी पोरीले टोपी घालता. भरवसा नाही राहिला वाटते तुमचा."

मी टाळ खाली ठेवले. म्हणालो, "काका, मागच्या पावसाळ्यात मारुतीच्या डोक्यावर पत्रे कोणी टाकले? तुम्हीच ना? त्याच्या डोक्यावर पाणी पडू नये याची काळजी तुमाले, अन् माझ्या पोरीच्या डोक्याची मी करू नये?"  मग मी दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन ओट्याचा तो कोपरा गोल करून टाकला. देवाच्या ओट्याला हत्यार लावलं म्हणून महिनाभर मंडळात माझ्याशी बोलणं बंद होतं. आजही बर्डीवर मी बघतो, स्कूटरवाले हेल्मेट हँडलला अडकवून फिरतात आणि आरशाला देवाचा फोटो लावतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. देवानं डोकं एकच दिलं आहे, ते त्यानंच सांभाळावं आणि आपण हँडल सांभाळावं, असा यांचा हिशेब असतो.

उन्हाळा लागल्यावर मी बेबीला घेऊन उमरेडला गेलो. बरोबर नारळ घेतला, मारुतीचा अंगारा घेतला. खाणीच्या वसाहतीत डोमाजीची खोली सापडायला काही त्रास झाला नाही. हा कोणी दिसेनासा होणारा साधू नव्हता. बनियनवर बसून भाकर खात होता. मी वाकलो तर त्यानं पाय मागे घेतले. "पाया नका पडू गा," तो जवळजवळ चिडूनच म्हणाला. खोलीत खाटेवर त्याची म्हातारी आई बसली होती, नजर अधू झालेली. मी त्याला विचारलं, तुम्हाला त्या दिवशी एवढं कसं कळलं? त्यानं हातातली भाकर ताटात ठेवली. मग म्हणाला, खाणीत जो पडला होता तो माझा लहान भाऊ. थकला आहे, झोपू द्या त्याले, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. हेल्मेट त्याच्या हातात होतं, डोक्यावर नव्हतं.

मी नारळ पिशवीतच ठेवला. त्या घरात तो फोडायला माझा हात धजेना. माझी पोरगी वाचावी म्हणून आधी या बाईचं पोर जावं, हा कसला कारभार, असा राग पुन्हा वर आला. तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, कोण आलं आहे? डोमाजी म्हणाला, डोक्याला मार लागलेली ती नागपूरची पोरगी. म्हातारीनं हात पुढे केला. बेबी उठून खाटेवर तिच्याजवळ जाऊन बसली. म्हातारीनं तिचं डोकं चाचपलं. कानाच्या वर अजून केस नीट आले नव्हते, तिथे तिची बोटं थांबली.

"झोपली होती का वं तू?" तिनं विचारलं.

"हो आजी. दवाखान्यात."

"अन् मग उठली?"

"उठली ना आजी. हे काय, तुमच्याजवळच तं बसली."

म्हातारी डोमाजीकडे वळून म्हणाली, "उठली म्हणते रे ते." डोमाजी ताट तसंच ठेवून बाहेर गेला. म्हातारीनं बराच वेळ हात काढला नाही आणि माझी बेबी, जी घरात एक क्षण गप्प बसत नाही, ती मुकाट बसून राहिली.

एक उठलं आणि एक उठलं नाही, याचा जाब मी अजून दर मंगळवारी मारुतीला विचारतो. तो उत्तर देत नाही, आणि मीही विचारायचं सोडलेलं नाही. पण माझी पोरगी माझ्या समोर आहे, तिचं लग्न झालं, तीही आता पोरांना डोकं उघडं ठेवून सायकलला हात लावू देत नाही. आणि हे मला माझ्या भक्तीनं मिळालेलं नाही, मी मूठ उगारली असताना मिळालेलं आहे, हे मी विसरत नाही. त्यामुळे आता वाटेत कोणी मला अडवलं, वेडंवाकडं बोललं, तर हातातलं काम मी आधी खाली ठेवतो आणि राग मागाहून काढतो. देवा, एवढीच शरणागती मला जमली आहे. बाकीची तू करून घे.